तेजोमेघ, फिल्टर आणि आमचे तज्ज्ञ

निवृत्त झाल्यावर ह्यांनी दुर्बीण घेतली. आमच्या ओळखीतल्या बाकीच्या निवृत्त डॉक्टरांपैकी दोघांनी गोल्फ सुरू केला, एकाने गुडघे बदलून घेतले आणि एक अध्यात्माकडे वळून भेटेल त्याला तिकडे ओढू लागला. त्यामानाने दुर्बीण मला बरीच वाटली. ती निदान बोलत नाही. माझी तक्रार तिच्याबद्दल कधीच नव्हती. तिच्यामागोमाग जो माणूस आमच्या घरात शिरला, त्याच्याबद्दल होती.

तो आम्हाला इथल्या, मिनेसोटातल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात भेटला. वय चाळिशीचं, मूळचा पुण्याचा, इथे एका मोठ्या कंपनीत आयटीत. हॉलच्या एका कोपऱ्यात त्याने आकाशाचे फोटो मांडले होते. हे त्या फोटोंपुढे थांबले आणि मी मनात म्हटलं, संपलं. आयुष्यभर लोकांच्या हृदयावर उपचार केलेला माणूस त्या पोरासमोर हात मागे बांधून विद्यार्थ्यासारखा उभा होता.

"काका, तुम्ही नेब्युला शूट करणार असाल ना, तर टेलिस्कोप सेकंडरी आहे," तो म्हणाला. "फिल्टर इज एव्हरीथिंग."

त्या दिवसापासून मी त्याला मनात 'तज्ज्ञ' म्हणू लागले. पुढे तोंडानेही म्हणू लागले. त्याला तो मान वाटला.

फिल्टरची गोष्ट खरं तर अवघड नाही. तेजोमेघ, म्हणजे त्याचा नेब्युला, हे आकाशातले वायूचे प्रचंड ढग. त्यांतला वायू स्वतः चमकतो, पण मोजक्या रंगांत. हायड्रोजन गडद तांबड्यात, ऑक्सिजन हिरवट निळ्यात. शहरातले दिवे मात्र जवळजवळ सगळ्या रंगांत उजेड ओततात आणि त्या उजेडात तेजोमेघ बुडून जातो. म्हणून कॅमेऱ्यापुढे अशी काच लावायची जी ढगाचा रंग आत सोडेल आणि बाकीचा उजेड अडवेल. एवढंच. हे चार वाक्यांत सांगता येतं. तज्ज्ञांना त्यासाठी आमच्या घरचे चार शनिवार लागले.

दर शनिवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन यायचा. एकटाच राहायचा, त्यामुळे जेवूनच जायचा. जेवणाबद्दल माझी तक्रार नाही. पण जेवताना तो जे बोलायचा ते ऐकावं लागे. कुठल्या कंपनीची काच चांगली, कोण फोरमवर काय म्हणालं, कोणाला काहीही कळत नाही. शेवटच्या यादीत जवळजवळ सगळं जग होतं. एकदा मी विचारलं, की फोटोतले हे रंग खरे असतात का.

"काकू, ते जरा टेक्निकल आहे," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

मी पॅथॉलॉजिस्ट होते. सगळी नोकरी मी मायक्रोस्कोपला डोळा लावून, गुलाबी-जांभळ्या रंगांत बुडवलेल्या पेशी बघत काढली. ते रंग आम्ही घातलेले असत आणि त्यावरून कुणाला कर्करोग आहे की नाही हे ठरत असे. पण अशा माणसाला उत्तर दिलं तर तो आणखी एक तास बसतो.

त्याच्या सल्ल्याने आलेला पहिला फिल्टर जुन्या पिवळ्या रस्त्यांच्या दिव्यांसाठी बनवलेला होता. ईडन प्रेरीच्या आमच्या भागात ते दिवे केव्हाच जाऊन पांढरे आले होते. घराबाहेर उभं राहून मान वर केली असती तरी हे कळलं असतं. तज्ज्ञांनी मान वर केली नव्हती, त्यांनी कुठला तरी जुना व्हिडिओ बघितला होता. मग दुसरा फिल्टर आला, तांबडा आणि हिरवट निळा असे दोन्ही रंग एकदम आत सोडणारा. त्यात प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती भुतासारखं कडं दिसायचं. तज्ज्ञ म्हणाले, "ते प्रोसेसिंगमध्ये काढता येतं." मग तिसरा आला, तांबड्याचीही अगदी अरुंद पट्टीच सोडणारा, आणि त्यातून ढगच दिसेना. दर वेळी नापास झालेला फिल्टर तो खिशात घालून म्हणायचा, "मी जरा टेस्ट करून बघतो काका." आणि ह्यांनी काढलेले कच्चे फोटोही पेन ड्राइव्हवर घेऊन जायचा, प्रोसेसिंग करून देतो म्हणून.

एकदा मी सहज त्याचं इंटरनेटवरचं पान उघडलं. वरच आमचा फोटो होता. आमचाच, कारण डाव्या कोपऱ्यातल्या ताऱ्याला तेच कडं होतं, जे काढायला ह्यांनी आठवडाभर डोकं फोडलं होतं. खाली लिहिलं होतं, माझ्या बॅकयार्डमधून. तज्ज्ञ तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहत होते. त्यांना बॅकयार्ड नव्हतं.

मी फोन ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "हो, मला माहीत आहे."

"माहीत आहे? आणि काही बोलला नाहीत?"

"अगं, फोटो आकाशाचा आहे. आकाश काय माझ्या नावावर आहे?"

"मेहनत तर तुमची आहे ना?"

ह्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, "हॉस्पिटलात दिवसभर आजूबाजूला माणसं असायची. आता शनिवारी निदान एक जण येतो. बोलतो."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त मला ह्यांचा राग आला. सोबतच हवी होती तर जरा बरी निवडायची. घरात मी होते. मी बोलत नव्हते असं नाही, पण फिल्टरबद्दल मला कोणी विचारतच नव्हतं.

हिवाळा आला. मिनेसोटाच्या हिवाळ्यात पाच-साडेपाचलाच अंधार पडतो, त्यामुळे आकाशवाल्यांना जागरणं करावी लागत नाहीत. संध्याकाळचा चहा झाला की हे अंगावर इतके कपडे चढवत की दारातून तिरके बाहेर पडावे लागे. ह्यांना मृग नक्षत्राच्या शेजारचा, गुलाबाच्या फुलासारखा दिसणारा तेजोमेघ हवा होता. तो काही केल्या येत नव्हता. फोटोभर राखाडी धुकं. तज्ज्ञ एकदा स्वतः अंगणात उभे राहिले, थंडीने गळणारं नाक पुसलं आणि त्यांना शोध लागला.

"काका, प्रॉब्लेम फिल्टर नाहीये. तो बघा प्रॉब्लेम."

शेजारच्या घराच्या गॅरेजवर एक मोठा दिवा होता. त्याचा झोत आमच्या अर्ध्या अंगणात पडत असे. हा दिवा गेल्या वर्षापासून रोज संध्याकाळी लागत होता. तो बघायला कुठला फिल्टर लागत नव्हता.

शेजारच्या बाई म्हणजे एक वयस्क, एकट्या राहणाऱ्या. शाळेच्या कॅफेटेरियात नोकरी करून निवृत्त झालेल्या. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. आमचं जाता-येता हात करण्याइतकं होतं. मी म्हटलं, मी बोलून येते. दोन शहाण्या पुरुषांना हे सुचलं नव्हतं. ते दिव्याचा झोत कुठल्या तरंगलांबीचा आहे यावर वाद घालत होते.

बाईंनी मला आत बसवलं, कॉफी दिली. मी दुर्बिणीचं सांगितलं आणि विचारलं, की संध्याकाळचे दोन तास दिवा बंद ठेवता येईल का. त्यांनी कप खाली ठेवला.

"गेल्या वर्षी तुम्ही भारतात होतात तेव्हा मी गॅरेजसमोरच्या ड्राइव्हवेवर पडले," त्या म्हणाल्या. "बर्फावरून पाय सरकला. कंबरेचं हाड गेलं. मी ओरडत होते, पण रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि कोणालाच मी दिसत नव्हते, कारण अंधार होता. शेवटी कोणाचा तरी कुत्रा थांबला म्हणून त्याची माणसंही थांबली. तो दिवा मी त्यानंतर लावला. मी पडले तर दिसावं म्हणून."

मी डॉक्टर आहे. त्या वयात कंबरेचं हाड आणि मिनेसोटाची थंडी एकत्र आली की काय होतं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "मग तो अजिबात बंद करू नका." कॉफी संपवून मी घरी आले.

घरी हे आणि तज्ज्ञ वाट बघत होते. मी जे झालं ते सांगितलं. ह्यांनी लगेच मान हलवली. "बरोबर आहे त्यांचं. विषय संपला."

तज्ज्ञांचा संपला नव्हता. "पण काकू, सिटीचे रूल्स असतात. दुसऱ्याच्या प्रॉपर्टीवर एवढा लाइट नाही टाकता येत. कम्प्लेंट ॲनॉनिमस करता येते."

"तुम्ही मघाशी ऐकलंत का मी काय सांगितलं ते?"

"हो, सॅड आहे. पण त्यांना मेडिकल अलर्टचं बटण घेता येईल ना गळ्यात घालायला. सोल्यूशन्स आहेत, यार."

माझ्या वयाच्या बाईला तो यार म्हणाला, त्याचं मला काही वाटलं नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर कसलीच हालचाल नव्हती, ते मात्र माझ्या लक्षात राहिलं. मी जेवण वाढायला उठले नाही. हेच उठले आणि फ्रिजमधलं काढून त्याला गरम करून दिलं.

दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी शेजारचा दिवा लागला नाही. मला वाटलं बल्ब गेला असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आमच्या दारात आल्या. हातात लिंबाच्या वड्यांचा ट्रे, त्यावर फॉइल. बर्फातून काठी टेकत, एकेक पाऊल टाकत त्या आल्या होत्या. त्यांना तसं येताना बघून मी पायांत चपला न घालताच पायऱ्या उतरले.

"मी आत येत नाही," त्या म्हणाल्या. "सिटीचा माणूस आला होता. कोणीतरी तक्रार केली म्हणाला. मी दिवा बंद केलाय. पण एक सांगायचं होतं. तुम्ही मला परत सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं. सिटीकडे जायची गरज नव्हती."

म्हणजे त्या आमच्याशी भांडायला आल्या नव्हत्या. माफी मागायला आल्या होत्या, तीही वड्या घेऊन. मी म्हटलं, "तक्रार आम्ही केलेली नाही." त्या हसल्या आणि ट्रे माझ्या हातात दिला. त्यांचा विश्वास बसला नव्हता. कशाला बसेल? दिव्याचा त्रास असलेलं त्या रस्त्यावर दुसरं घरच नव्हतं.

हे स्वयंपाकघरात उभे होते. सगळं ऐकलं होतं. त्यांनी ओट्यावरचा फोन उचलला आणि तज्ज्ञांना सांगितलं, येताना माझे सगळे फिल्टर घेऊन ये.

तो शनिवारी नेहमीच्या वेळी आला. दारातच बूट काढता काढता म्हणाला, "काय काका, आता स्काय कसं वाटतंय? मोठा फरक असेल ना?"

"तक्रार तू केलीस?" ह्यांनी विचारलं.

"मी तुमच्यासाठी केली. तुम्ही कधीच केली नसती."

"नसतीच केली."

"मग? तुमचा प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला की नाही?"

"त्या बाई काल काठी टेकत बर्फातून आमच्या दारात आल्या होत्या," हे म्हणाले. "त्या पुन्हा पडल्या असत्या तर?"

"पडल्या तर नाहीत ना काका." आणि मग माझ्याकडे वळून, जणू मी त्याची बाजू घेणार आहे, "काकू, तुम्ही सांगा. रूल इज रूल ना?"

मी इतकी वर्षं इतक्या प्रकारची माणसं बघितली. मूर्ख बघितले, लबाड बघितले, काही दोन्ही एकदम होते. पण समोरचं माणूस पडलं तरी चालेल, आपला फोटो स्वच्छ आला पाहिजे, असं म्हणणारा, तेही माझ्याच घरात उभं राहून, हा पहिलाच. मी त्याला म्हटलं, "तुम्ही घरी जा."

त्याने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी फक्त हात पुढे केला. त्याने बॅगेतून फिल्टरच्या डब्या काढून टेबलावर ठेवल्या. एका काचेवर ओरखडा होता. कुठल्या तरी कागदी टिश्यूने पुसलेली दिसत होती. त्याने पुन्हा बूट घातले, या वेळी बराच वेळ लावून, बहुतेक कोणी थांबवेल म्हणून. कोणी थांबवलं नाही.

सोमवारी आम्ही दोघं शेजारी गेलो. ह्यांनी बाईंच्या फोनवरून सिटीच्या ऑफिसला फोन लावला आणि सांगितलं, की दिव्याच्या बाजूचं घर आमचं आहे, आमची हरकत नाही आणि कधीच नव्हती. पलीकडच्या माणसाने दोन-तीन प्रश्न विचारले आणि तक्रार बंद केली. बाईंनी स्वतः उठून बटण दाबलं. भर दुपारी दिवा लागला. तो लागतोय एवढंच बघायचं होतं त्यांना. तक्रार कोणी केली हे ह्यांनी सांगितलं, पण नाव घेतलं नाही. "घरी येणाऱ्या एका माणसाने," म्हणाले. त्यांच्या जागी मी असते तर नाव, हुद्दा आणि अपार्टमेंटचा मजलाही सांगितला असता.

त्यानंतर फिल्टर निवडायचं काम प्रथमच शांततेत झालं. हे जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले, तसेच जसे पूर्वी कोणाचा गुंतागुंतीचा रिपोर्ट घेऊन बसत. प्रत्येक काचेसोबत एक आलेख येतो. कुठला रंग किती आत सोडते हे त्यावर दाखवलेलं असतं. मी चहा घेऊन गेले आणि उभ्यानेच म्हटलं, "रंगाची सगळ्यात अरुंद पट्टी आत सोडणारा घ्या. आम्ही चमकणारे रंग घातलेल्या पेशी बघताना तेच करायचो. पट्टी जितकी अरुंद तितका मागचा उजेड कमी."

"तुमच्याकडेही फिल्टर असायचे?" ह्यांनी डोकं वर केलं.

"दुसरं काय असायचं?"

इतकी वर्षं एकाच छताखाली राहून ह्यांना हे माहीत नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले. मग ह्यांनी मला दाखवलं की माझा सल्ला अर्धाच बरोबर आहे. ह्यांची दुर्बीण आखूड आणि रुंद तोंडाची, तिच्यातून प्रकाश फार तिरका येतो. तिरक्या प्रकाशात फिल्टरची पट्टी थोडी सरकते. फार अरुंद साधी काच घेतली तर ज्या रंगासाठी घेतली तोच बाहेर राहायचा. अशा दुर्बिणींसाठी मुद्दाम थोडी सरकवून बनवलेली काच मिळते, ती हवी. मला हे ठाऊक नव्हतं. तज्ज्ञांनाही नव्हतं, नाहीतर तिसरा फिल्टर त्यांनी घ्यायलाच लावला नसता. आम्ही दोघं बराच वेळ ते आलेख बघत बसलो. चहा गार झाला.

ती काच आली तोवर फेब्रुवारी होता. शेजारचा दिवा जळतच होता. ह्यांनी दोन खांब रोवून त्यांना दोरी बांधली आणि त्यावर घर बदलताना फर्निचरला गुंडाळायची जाड ब्लँकेटं टांगली, म्हणजे झोत थेट दुर्बिणीत जाऊ नये. आकाशात पसरलेला उजेड अडवायला काच. आमचं अंगण धोब्याच्या घाटासारखं दिसू लागलं. मी आतून खिडकीतून बघत होते. जेवायच्या वेळेला हे लॅपटॉप घेऊन आत आले, मिशीवर बर्फ, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला.

फूल आलं होतं. रंग नव्हता, कारण नव्या काचेतून एकच रंग येत होता आणि तो कॅमेऱ्याने काळ्या-पांढऱ्यात दाखवला होता. मधे पोकळी, भोवती वायूच्या पाकळ्या आणि त्यांच्यात काळ्या धुळीच्या बारीक रेघा. ताऱ्यांभोवती कडी नव्हती. ह्यांनी विचारलं, "रंग घालू का?"

"नको," मी म्हटलं. "असाच राहू दे."

त्याची एक मोठी प्रत छापून ह्यांनी शेजारच्या बाईंना नेऊन दिली. त्यांनी ती हातात धरून बराच वेळ बघितली आणि विचारलं, "हे आपल्या घरांवर असतं? रोज?"

"हिवाळाभर," हे म्हणाले.

"दिवा चालू असतानाही?"

"दिवा चालू असतानाच काढलाय."

मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात तज्ज्ञ पुन्हा भेटले. मी तोंड फिरवून कोटांच्या रांगेकडे गेले. माझी त्याला माफ करायची तयारी नव्हती आणि अजून नाही. त्याने माफी कधी मागितलीही नाही. हे मात्र त्याच्याशी पंधरा-वीस मिनिटं उभे राहून बोलले, अगदी नीट, मान हलवत. मी गाडीत जाऊन हीटर लावून बसले.

हे आले तेव्हा मी विचारलं, "काय म्हणत होता?"

"गुलाबाचा फोटो मागत होता. त्याच्या पानावर टाकायला. कुणाकडून तरी ऐकलं त्याने."

"मग?"

"म्हटलं, तो शेजारच्या बाईंना दिलाय. त्यांच्याकडे जाऊन माग."

ह्यांनी पट्टा लावला आणि गाडी काढली. वाटेत दूध आणि कोथिंबीर घ्यायची होती.